मोटरचे स्क्रू सारखे ढिले का होतात?

प्रश्न : मी छंद म्हणून पाच इंची पात्यांचा ड्रोन स्वतः जोडला आहे. मोटरा कार्बनच्या फ्रेमवर चार-चार स्क्रूंनी बसवल्या आहेत. कितीही घट्ट आवळले तरी काही उड्डाणांनंतर एखादा स्क्रू ढिला सापडतोच. स्प्रिंग वॉशर घालून पाहिले, उपयोग झाला नाही. फेव्हिक्विक लावू का? आणि आमच्या डोक्यावरून सरावाला जाणाऱ्या सूर्यकिरणच्या विमानांचे स्क्रू कसे ढिले होत नाहीत?
— एक वाचक, मैलूर, बीदर

उत्तर : विमानांचे स्क्रूही ढिले होऊ शकतात. तिथे नुसत्या आवळण्यावर कुणी विसंबत नाही, एवढाच फरक आहे. सूर्यकिरणचे पथक १९९६ मध्ये तुमच्याच बीदरला उभे राहिले. आधी ‘किरण’ आणि आता ‘हॉक’ जातीच्या जेट विमानांवर ते कसरती करते. अशा विमानांच्या देखभालीत बोल्ट ठरलेल्या जोराने आवळतात. मग कुठे बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून, पिळून बांधतात. कुठे नटातून पिन घालतात. कुठे बोल्ट आणि त्याखालचा भाग यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे, हे हात न लावताच कळते. ही रेघ तुम्हालाही परवडणारी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी स्क्रू सुटतो कसा ते पाहू. आवळलेला स्क्रू किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन्ही भागांना एकमेकांवर ओढून धरतो. हा ताण आणि त्यातून आट्यांमध्ये होणारे घर्षण, एवढ्यावरच तो टिकून असतो. मोटर फ्रेमवर आडवी, केसभर जरी सरकली तरी त्या क्षणापुरते घर्षण सुटते. आटे उतरते असल्यामुळे स्क्रू तेवढ्यात अगदी थोडा उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. उभ्या हादऱ्यापेक्षा आडवा हादरा स्क्रू फार लवकर सोडवतो, हा त्याचा निष्कर्ष. स्प्रिंग वॉशर अशा हादऱ्यापुढे टिकत नाही, हेही अशाच चाचण्यांतून दिसले. तुमचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

आता तुमची मोटर घ्या. पूर्ण जोरात अशी मोटर मिनिटाला २५ ते ३० हजार फेरे मारते. सरासरी निम्मा वेग धरला तरी पाच मिनिटांच्या उड्डाणात साठ-सत्तर हजार फेरे होतात. पाते जरा वाकलेले किंवा टोकाला तुटलेले असेल, तर प्रत्येक फेऱ्याला एक आडवा धक्का बसतो. त्यात स्क्रू आखूड. चार-पाच मिलिमीटर जाडीचा कार्बन धरून ठेवणारा तीन मिलिमीटर व्यासाचा स्क्रू ताणला जातो तोच मुळी इतका थोडा, की कार्बनमधला राळेचा थर डोक्याखाली किंचित दबला तरी बराचसा ताण निघून जातो. म्हणून आणखी जोर लावणे हा उपाय नव्हे. मोटरचा तळ ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू पोलादी. जोर वाढवला की आटे जातात ते मोटरचे, आणि मग सबंध मोटरच बदलावी लागते.

फेव्हिक्विक नको. ते वाळल्यावर ठिसूळ होते आणि हादऱ्याने तडकते. पातळ असल्यामुळे ओघळून बेअरिंगमध्ये गेले तर मोटर जाम. याच कामासाठी थ्रेडलॉकर मिळते. लॉकटाइट २४३ किंवा तसल्या मध्यम ताकदीचे, निळ्या रंगाचे घ्या. हवा तुटली आणि धातू लागला की ते घट्ट होते, म्हणून बाटलीत पातळ राहते आणि आट्यांत धरते. पूर्ण धरायला २४ तास द्या. लाल रंगाचे घेऊ नका. ते सोडवायला खूप तापवावे लागते आणि त्या तापात मोटरचे वाइंडिंग जाईल. एक इशारा : प्लॅस्टिकच्या फ्रेमवर थ्रेडलॉकर लावू नका, काही प्लॅस्टिकना त्याने चिरा पडतात.

काम असे करा. बॅटरी काढा, पाती काढा. बॅटरी जोडलेली असताना मोटरला हात लावू नये. मोटरचा फिरणारा वरचा भाग सोडून तळ चिमटीत धरा आणि हलवा. तळ हलला तर दोष स्क्रूत आहे. तळ स्थिर आणि नुसते वरचे भांडे डुगडुगते, तर दोष बेअरिंगचा किंवा दांड्याचा. स्क्रू आवळून तो जाणार नाही. स्क्रू एकेक करून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने आटे पुसा, टोकाजवळ थ्रेडलॉकरचा एक बारीक थेंब लावा. चारही स्क्रू आधी हलके बसवा, मग समोरासमोरचे आवळत जा. गोल डोक्याच्या तीन मिलिमीटरच्या स्क्रूला २ मिलिमीटरची एलन की लागते, उभ्या डोक्याच्या स्क्रूला २.५ची. झिजलेली की ताबडतोब टाकून द्या; तिने डोक्यातला षट्कोन गोल होतो आणि स्क्रू कायमचा अडकतो.

स्क्रूची लांबी मात्र दोनदा तपासा, कारण जास्त लांब स्क्रूने मोटर जळू शकते. फ्रेमची जाडी आणि वर दोन-तीन मिलिमीटर, एवढा पुरे. जास्त लांब असेल तर टोक वाइंडिंगला टेकते, वरचे इनॅमल घासून निघते आणि शॉर्ट होतो. मल्टिमीटरची एक पिन स्क्रूला आणि दुसरी मोटरच्या वायरीला लावा. आवाज आला तर उडवू नका.

थ्रेडलॉकर धरले की स्क्रूच्या डोक्यावरून फ्रेमपर्यंत पांढऱ्या किंवा पिवळ्या नेलपॉलिशची रेघ ओढा. दर उड्डाणाआधी या सोळा रेघांवर नजर फिरवायला अर्धा मिनिट लागतो. माझ्या मते या सबंध उत्तरातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. तीच रेघ पुन्हा पुन्हा तुटत असेल तर स्क्रूला दोष देऊ नका. त्या मोटरचे पाते बदला आणि बेअरिंग तपासा. बीदरची तांबडी जांभ्याची धूळ मोटरीत जाते, तिच्यातले लोहकण चुंबकांना चिकटतात. ब्रशने झाडून काढा.

राहिला प्रश्न जागेचा. तो तुम्ही विचारला नाही, पण बीदरच्या वाचकाला तो सांगायलाच हवा. तुमचे शहर हवाई दलाच्या तळाशेजारी आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मुभा आहे. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी ही बंधने सुटत नाहीत. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा आणि ड्रोन हिरव्या क्षेत्रातल्या मोकळ्या माळावर न्या. स्क्रू कितीही पक्के बसवलेत तरी मैलूरच्या गच्चीवरून तो उडवू नका, ही कळकळीची विनंती.