पंक्तीतली जागा

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : २ शमुवेल ४:४, २ शमुवेल ९:१-१३, योहान ९:१-३



या तिमाहीचा पाठ मी मफीबोशेथावर घेतला आहे. मी मानखुर्दला राहते. आमच्या सात वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागेल की नाही, हे येत्या काही महिन्यांत ठरायचे आहे. मंडळीतले लोक प्रेमाने विचारतात, "ऑपरेशन केलं की चालेल ना?" या प्रश्नाचे उत्तर आपण शास्त्राच्या आणि वैद्यकाच्या, दोन्हींच्या उजेडात पाहू.

१. दोष कोणाचा?

शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली. योनाथानाचा पाच वर्षांचा मुलगा मफीबोशेथ याला घेऊन त्याची दाई पळाली. त्या घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. शास्त्र हे एकाच वचनात सांगते आणि दाईला कुठेही बोल लावत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे विचारतात. प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो.

आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न आईलाच विचारतात. ग्रहणात काही चिरलेस का? कोणाची नजर लागली? घराण्यात कोणाचे काही राहिले आहे का? म्हणून आजार नीट समजून घेऊ. मेंदू वाढत असताना, म्हणजे पोटात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत, त्याला इजा होते. मूल फार लवकर जन्मणे, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, मेंदूचा संसर्ग अशी कारणे असतात. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ग्रहणाचा, शापाचा त्याच्याशी संबंध नाही.

लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली डॉक्टरांच्या सभेपुढे या मुलांविषयी निबंध वाचला आणि अवघड बाळंतपणाशी या आजाराचा संबंध दाखवला. लिटल यांचे स्वतःचे पाऊल लहानपणापासून वाकडे होते. १८३६ साली जर्मनीत त्यांनी ते शस्त्रक्रियेने सरळ करून घेतले आणि मग तीच विद्या इंग्लंडात इतरांसाठी वापरली.

२. इजा वाढत नाही, पण मूल वाढते

ही गोष्ट मला समजायला सर्वांत जास्त वेळ लागला. मेंदूतली इजा वाढत नाही. मग दरवर्षी नवा त्रास कुठून येतो? मेंदूकडून चुकीचा निरोप गेल्यामुळे स्नायू सतत ताठ राहतात. हाडे वाढतात, पण ताठ स्नायू तितक्या वेगाने लांबत नाहीत. टाच वर ओढली जाते, गुडघा वाकतो, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येतात. ही ओढ खुब्यावर पडते आणि मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू वाटीतून बाहेर सरकू लागतो.

सुरुवातीला हे दुखत नाही, म्हणून घरच्यांना दिसत नाही. एक्स-रेमध्येच दिसते. डॉक्टर या मुलांचे हालचालीप्रमाणे पाच स्तर मानतात. पहिल्या स्तरातले मूल स्वतः चालते, पाचव्यातल्याला मान सावरायलाही आधार लागतो. या आजाराच्या साधारण तीन मुलांमागे एकाचा खुबा सरकतो. पहिल्या स्तरात हे जवळजवळ होत नाही, पाचव्या स्तरात मात्र दहापैकी नऊ मुलांना होऊ शकते. आमचा मुलगा चौथ्या स्तरात आहे. त्याच्या डाव्या गोळ्याचा सुमारे ४० टक्के भाग आता वाटीबाहेर आहे. ३० टक्क्यांच्या पुढे गेले की डॉक्टर सावध होतात.

स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून अशा प्रत्येक मुलाच्या खुब्यावर ठरलेल्या वेळी एक्स-रे काढून लक्ष ठेवले जाते. त्यामुळे तिथे खुबा पूर्ण निखळणे फार क्वचित घडते. वेळेवर पाहिले तर पुढची मोठी इजा टळते, एवढे यातून घ्यायचे.

३. शस्त्रक्रिया काय करते, काय करत नाही

शस्त्रक्रियेने मेंदू बरा होत नाही. जे मूल चालत नाही ते खुब्याच्या शस्त्रक्रियेने चालू लागेल, असे कोणताही जबाबदार डॉक्टर सांगत नाही. तिने गोळा वाटीत राहतो, दुखणे टळते, मूल नीट बसू शकते, लंगोट बदलताना पाय उघडतात.

सगळ्यांना लगेच शस्त्रक्रिया लागते असेही नाही. रोजचा व्यायाम, पायाला स्प्लिंट, योग्य खुर्ची, ताठरपणा कमी करणारी औषधे, काही स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शने, असे उपाय असतात. त्यानंतर आखडलेले स्नायू लांबवण्याची शस्त्रक्रिया आणि गरज पडल्यास हाड कापून दिशा बदलण्याची. पूर्वी अशा मुलांचे जवळपास दरवर्षी एक ऑपरेशन होई. आता शक्य तिथे लागणारी सगळी कामे एकाच वेळी करतात.

आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून नेले. तुमच्या ओळखीत असे घर असेल तर त्यांना हे द्या :

- या शस्त्रक्रियेने माझ्या मुलाचे कोणते एक काम सोपे होईल?
- सहा महिने थांबलो तर काय बिघडू शकते?
- प्लास्टर किती आठवडे राहील आणि त्या काळात त्याला कसे उचलायचे?
- नंतर व्यायाम कोण शिकवील, आठवड्यातून किती वेळा यावे लागेल?
- पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता किती?

शेवटचे तीन प्रश्न आम्हाला सर्वांत जड गेले. ऑपरेशन काही तासांत होते, पण नंतरचे वर्ष घराचे असते. आमचे घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद पडली की मुलाला कडेवर घेऊनच उतरावे लागते. प्लास्टरमधल्या मुलाला तसे नेता येत नाही. मानखुर्दहून हार्बर गाडी, कुर्ल्याला पूल चढून दुसरी गाडी, हे आठवड्यातून दोनदा कोण करणार? माझे पती रोजंदारीवर जातात. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना सोबत कोण असेल, हेही आम्हाला ठरवावे लागत आहे.

४. मेजाशी बसणे

आता नवव्या अध्यायाकडे वळू. दावीद योनाथानाच्या घराण्यातले कोणी उरले आहे का, अशी चौकशी करतो. मफीबोशेथ लो-दबारात दुसऱ्याच्या घरी राहतो आहे. राजा माणसे पाठवून त्याला आणवतो, आजोबांची जमीन परत देतो आणि रोज आपल्या पंक्तीला बसवतो. अध्याय संपताना तो दोन्ही पायांनी लंगडाच आहे. त्याचे पाय बदलले नाहीत, पण पंक्तीत त्याची जागा पक्की झाली.

मुंबईतही अशी जागा एका आईने तयार केली. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी आहे. तेव्हा अशा मुलांना शाळा मिळत नव्हती. १९७२ साली अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. तीच संस्था आज अडॅप्ट या नावाने ओळखली जाते. मालिनी व्हीलचेअरवर सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, पुढे लंडनला जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिले.

म्हणून "चालेल ना?" या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : कदाचित नाही. पण तो न दुखता आमच्याबरोबर जेवायला, शाळेच्या बाकावर आणि उपासनेत बसावा, यासाठी आम्ही हा विचार करत आहोत. चमत्कारासाठी प्रार्थना करणारे आम्हाला प्रिय आहेत. पण एक्स-रेची तारीख पुढे ढकलणे हा विश्वासाचा पुरावा नव्हे.

५. आणणारी माणसे

रुग्णालयाच्या रांगेत मला मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची आई भेटली. तिची मुलगी नऊ वर्षांची. मोठी झाली की बघू, असे तिला कोणीतरी सांगितले होते. आता खुबा पूर्ण निखळला आहे आणि कूस बदलली तरी मुलगी रडते. "ताई, दुखल्याशिवाय आणायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही," असे ती म्हणाली.

आपली ही पत्रिका ज्या पाड्यांसाठी काम करते, तिथे हे सांगणारे आपण होऊ शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासतात. त्या दिवशी असे मूल घरी राहू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये या आजाराचा समावेश आहे, म्हणून दिव्यांगत्वाचे ओळखपत्र काढता येते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यातून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेआधीच विचारावे.

पैशाइतकीच सोबत लागते. कोणी रांगेत नंबर लावावा, कोणी दुसऱ्या भावंडाला शाळेतून आणावे, कोणी एक दिवस डबा द्यावा. दावीदाने केवळ दया दाखवली नाही, त्याने आणायला माणसे पाठवली.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत किंवा पाड्यावर "लो-दबारात" राहिलेले मूल कोणते?
२. त्याच्या आईला आपण आजवर कोणते प्रश्न विचारले? त्यांतले कोणते थांबवायला हवेत?
३. आपल्या प्रार्थनास्थळात व्हीलचेअर आत येते का?
४. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात आठवड्याचा एक दिवस कोण घेईल? नावे लिहा.

प्रार्थनेसाठी

निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या आईबापांसाठी, व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टांसाठी, आणि मोखाड्याच्या त्या लेकीसाठी, तिचे दुखणे थांबावे म्हणून. पुढच्या एक्स-रेला जाताना आमचीही आठवण ठेवा.