दोन राण्या आणि एक हक्कसोड



चर्चमध्ये लग्नाच्या घोषणा वाचल्या जातात तेव्हा आपण सगळेच कान देऊन ऐकतो. मुलगा कोणाचा, मुलगी कुठल्या गावची, हे कळावे म्हणून! पण त्या घोषणेमागचा हेतू वेगळा आहे. या विवाहाला काही अडथळा आहे का, हे दोघे एकमेकांचे जवळचे नातेवाईक तर नाहीत ना, हे सर्वांसमक्ष विचारणे, हा तो हेतू. ही पद्धत सबंध ख्रिस्तसभेला लागू झाली ती १२१५ साली, रोममधील लॅटरन येथे भरलेल्या चौथ्या विश्वपरिषदेत. त्याच परिषदेने नात्यातील लग्नाचा नियमही बदलला.

हा नियम मुळात कशासाठी? महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे, मग आपल्याकडेच मनाई का? याचे उत्तर नुसते कलम दाखवून देता येत नाही. म्हणून आज आपण आठशे वर्षे मागे, स्पेन आणि पोर्तुगालच्या राजघराण्यांत जाऊ या. तिथे नात्यातील लग्नांनी राज्येच्या राज्ये अडचणीत आणली होती. आणि तिथेच दोन आयांनी एक मोठे भाऊबंदकीचे युद्ध टाळले.

एका घराच्या दोन चुली

बाराव्या शतकाच्या अखेरीस त्या द्वीपकल्पावर पाच ख्रिस्ती राज्ये होती: पोर्तुगाल, लेओन, कॅस्टील, नवारा आणि आरागॉन. दक्षिणेला मुसलमानांची सत्ता होती. शेजारच्या राजाशी तह झाला की तो पक्का करण्यासाठी मुलगी द्यायची किंवा करायची, अशी रीत होती. राजघराणी मोजकीच. तीन पिढ्यांत सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागू लागले.

लेओन आणि कॅस्टील ही तर एकाच बापाची वाटणी. राजा सातवा अल्फोन्सो ११५७ साली वारला, तेव्हा थोरला मुलगा सांचो याला कॅस्टील मिळाले आणि धाकटा फर्नांदो याला लेओन. सांचोचा मुलगा कॅस्टीलचा आठवा अल्फोन्सो, फर्नांदोचा मुलगा लेओनचा नववा अल्फोन्सो. दोघे सख्खे चुलत भाऊ आणि सरहद्दीवरच्या किल्ल्यांसाठी कायमचे भांडणारे. शेताच्या बांधावरून दोन चुलत घरांत चालते तसेच, फक्त इथे बांधावर सैन्य उभे असे.

मामेबहीण आणि पुतणी

लेओनच्या नवव्या अल्फोन्सोने ११९१ साली पोर्तुगालची राजकन्या तेरेसा हिच्याशी लग्न केले. अल्फोन्सोची आई पोर्तुगालची, तेरेसाच्या वडिलांची सख्खी बहीण. म्हणजे तेरेसा ही त्याची मामेबहीण, मामाची सख्खी मुलगी. आपल्याकडच्या अनेक घरांत हे स्थळ हौसेने जुळवले गेले असते. पोप सेलेस्टीन तिसरे यांनी मात्र हे लग्न अवैध ठरवले. राजा-राणी ऐकेनात, तेव्हा राज्यातील जाहीर उपासनेवर बंदी आली. शेवटी दोघे वेगळे झाले. तोवर त्यांना सांचा, फर्नांदो आणि दुल्से ही तीन मुले झाली होती. पुढे तेरेसा पोर्तुगालमधील लोर्वाव येथील मठात राहू लागली.

यानंतर ११९७ साली अल्फोन्सोने दुसरे लग्न केले ते बेरेंगेलाशी. ही कॅस्टीलच्या आठव्या अल्फोन्सोची थोरली मुलगी, म्हणजे त्याच्या चुलत भावाची मुलगी. आपल्या भाषेत सांगायचे तर नवरा हा तिचा चुलत काका! किल्ल्यांचे भांडण मिटावे म्हणून हे लग्न जुळवले गेले. पोप इनोसंट तिसरे यांनी तेही मान्य केले नाही. १२०४ साली बेरेंगेला मुलांना घेऊन माहेरी परतली. मुलांत एक होता फर्नांदो. तेरेसाच्या मुलाचे नावही फर्नांदोच, पण तो १२१४ साली वारला. यापुढे आपण बोलणार आहोत तो बेरेंगेलाचा फर्नांदो.

म्हणजे एका पुरुषाच्या दोन बायका, दोघींचीही लग्ने नात्यापायी अवैध ठरलेली, दोघींच्याही पदरी मुले. ही माणसे पुढे एकमेकींचे तोंडही पाहणार नाहीत, असेच कोणीही म्हणेल.

नियम आणि पळवाट

त्या काळी नियम फारच कडक होता. एकच पूर्वज सात पिढ्यांच्या आत निघाला तरी लग्नाला मनाई होती. सात पिढ्यांचा हिशेब कोण ठेवणार? परिणाम असा झाला की, लग्न करताना कोणी नाते पाहत नसे आणि बायको नकोशी झाली की मात्र जुनी वंशावळ काढली जाई. बेरेंगेलाची आजी, अक्वितेनची एलेनोर, हिचे फ्रान्सच्या राजाशी झालेले लग्न ११५२ साली याच कारणाने रद्द झाले होते. वारस म्हणून मुलगा झाला नाही, ही त्यामागची खरी सल होती. नियम माणसाच्या भल्यासाठी. पण मन साफ नसेल तर चांगल्या नियमाचीही पळवाट होते.

म्हणून १२१५ च्या परिषदेने सातच्या चार पिढ्या केल्या. दोघांचा खापरपणजोबा एक नसावा, इतपत. आजच्या कॅनन लॉनुसार (१९८३) ही मर्यादा आणखी जवळ आली आहे. चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांचे लग्न बिशपांनी खास सूट दिल्याशिवाय वैध होत नाही. सख्ख्या भावंडांना तर सूट कधीच नाही.

यामागचा विचार संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात मांडला आहे. त्याचा आशय असा: नाती ही प्रेमाची दोरी आहे आणि ती शक्य तितक्या जास्त माणसांपर्यंत पोहोचावी. मामा हाच सासरा झाला, तर दोन नाती एकाच माणसावर खर्च होतात. मामा एक आणि सासरा दुसरा असेल, तर माया दोन घरांत वाटली जाते. आता हा नियम निराळा दिसू लागतो. 'आपल्यातच राहू द्या, जमीन बाहेर जायला नको' या वृत्तीला तो हळूच दार उघडायला सांगतो.

आईने घेतलेला धडा

कॅस्टीलचा आठवा अल्फोन्सो १२१४ साली वारला. त्याचा मुलगा एन्रिके तेव्हा अवघा दहा वर्षांचा. १२१७ साली पालेन्सिया येथे मुलांबरोबर खेळताना छपराचे कौल डोक्यात पडून तो दगावला. राज्याचा वारसा थोरल्या बहिणीकडे, बेरेंगेलाकडे आला. तिने तो स्वीकारला आणि वायादोलिद येथे लगेच आपला मुलगा फर्नांदो याला दिला. त्याने अजून विशीही गाठली नव्हती. कॅस्टीलवर स्वतः राज्य करावे, असे मनात धरून बाप नववा अल्फोन्सो सैन्य घेऊन मुलाच्याच राज्यात शिरला. १२१८ साली तोरो येथे तह झाला तेव्हा कुठे बाप-लेकांतले युद्ध थांबले. त्याच वर्षी पोप होनोरियस तिसरे यांनी फर्नांदोचा वारसा मान्य केला. आई-वडिलांच्या लग्नातील दोषाची शिक्षा मुलाला दिली नाही.

फर्नांदोच्या लग्नाची वेळ आली तेव्हा बेरेंगेलाने जवळपासचे एकही स्थळ पाहिले नाही. बुर्गोसचे बिशप मॉरिसिओ यांना तिने थेट जर्मनीला पाठवले आणि श्वाबियाची राजकन्या बियात्रिस हिला सून करून आणले. १२१९ साली बुर्गोस येथे विवाह झाला. आपण भोगले ते सुनेच्या वाट्याला येऊ नये, याची तिने काळजी घेतली. कितीतरी घरांत याच्या उलट होते. 'आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा' हा तिथला न्याय असतो.

मृत्युपत्र आणि दोन आया

२४ सप्टेंबर १२३० रोजी नववा अल्फोन्सो वारला. त्याने आपल्या पश्चात लेओनचे राज्य तेरेसाच्या दोन मुलींना, सांचा आणि दुल्से यांना ठेवले होते. फर्नांदो हयात असलेला मुलगा. पण तो कॅस्टीलचा राजा. बापाच्या घरी त्याला जागा उरली नव्हती.

आता पुढचे चित्र आपल्याला अनोळखी नाही. बापाच्या दोन लग्नांची मुले, मृत्युपत्र एका बाजूला, मुलगा म्हणून दावा दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे भडकवणारे होतेच. फर्नांदो तेव्हा दक्षिणेत हाएन शहराला वेढा घालून बसला होता. आईने त्याला तातडीने बोलावून घेतले. लेओनमधील अनेक बिशप आणि शहरे त्याच्याकडे वळली, पण काही ठिकाणी राजकन्यांचा पक्षही मजबूत होता. दोन्ही बाजूंनी तलवारी निघायला फारसा वेळ लागला नसता.

त्या वेळी बेरेंगेलाने निरोप पाठवला, तो तेरेसाला. तेरेसा मठातून आपल्या मुलींजवळ आली होती. सवतीची जागा घेतलेल्या दोघी, एका माणसाने सोडलेल्या दोघी, व्हॅलेन्सिया दे दॉन हुआन या गावी समोरासमोर बसल्या. मुलांना, सरदारांना, सैन्याला बाजूला ठेवून त्यांनी बोलणी केली. ११ डिसेंबर १२३० रोजी बेनावेन्ते येथे करार झाला. सांचा आणि दुल्से यांनी राज्यावरचा हक्क सोडला. त्याच्या बदल्यात फर्नांदोने दोघींना दरसाल तीस हजार माराव्हेदी, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, देण्याचे कबूल केले. लेओन आणि कॅस्टील एक झाले ते पुन्हा कधीच वेगळे झाले नाहीत.

ही अगदी समान वाटणी होती असे आपण म्हणणार नाही. फर्नांदोचे पारडे जड होते आणि राजकन्यांना ते दिसत होते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याचे पारडे जड होते त्याने बहिणींना रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. आणि त्यांच्याशी बोलायला पुढे आली ती त्याची आई, धमकी देणारा कोणी सरदार नव्हे.

संतांचे घर

हाच फर्नांदो म्हणजे संत फर्नांदो. १६७१ साली त्यांना संत म्हणून गौरवण्यात आले. बेरेंगेलाची बहीण ब्लांका फ्रान्सची राणी झाली आणि तिचा मुलगा म्हणजे फ्रान्सचे राजे संत लुई. दोन बहिणींची दोन मुले, दोघे मावसभाऊ, दोघेही संत. तेरेसाला ख्रिस्तसभेने १७०५ साली, तिची बहीण सांचा हिच्यासह, धन्यवादित घोषित केले. बेरेंगेलाला असा कोणताही मान मिळाला नाही. ती १२४६ साली वारली आणि बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात तिला पुरण्यात आले.

हे घराणे निष्कलंक होते, असा याचा अर्थ नाही. फर्नांदो यांनी १२३६ साली कोर्दोबा आणि १२४८ साली सेव्हिल जिंकले. सेव्हिलच्या मुसलमान रहिवाशांना आपले शहर सोडून जावे लागले. संतांचे चरित्र वाचताना तेही वाचले पाहिजे. ज्या राजाने सावत्र बहिणींना मोकळ्या हाताने पाठवले नाही, त्याच राजाच्या काळात हजारो घरे ओस पडली. आपल्या घरापुरते मोठे असलेले मन कुंपणापलीकडे किती जाते, हा प्रश्न संतांनाही चुकलेला नाही.

आपल्या घरात

आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बरेचदा लग्नकार्यात, चार माणसांत, 'तुला काय कमी आहे?' असे म्हणत. साडी-चोळी दिली की भावांना मोकळे वाटते. आपण ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा सांगतो की, मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. बहीण आपणहून सोडत असेल तर तो तिचा मोठेपणा. पण तिने सोडावे असे गृहीत धरणे, आणि नाही म्हणाली तर माहेरचे दार बंद करणे, हा अन्याय आहे. आठशे वर्षांपूर्वीचा एक राजा, सगळे बळ हाती असताना, बहिणींना दरसाल ठरलेली रक्कम देण्याचे लिहून देतो. आपण सातबाऱ्यावरच्या चार गुंठ्यांसाठी बहिणीशी अबोला धरावा का?

दुसरी गोष्ट. भांडण मिटवायला नेहमी सगळ्यांत मोठा माणूस लागतो असे नाही. ज्याला सर्वांत जास्त दुखावले गेले आहे, त्याने एक पाऊल पुढे टाकले तर वाट लवकर निघते. तेरेसाकडे कटू राहण्याची सगळी कारणे होती. तरीही ती आली आणि बसली.

कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या घरात किंवा भाऊबंदांत वाटणीवरून कोणाशी बोलणे बंद आहे का? पहिला निरोप कोण पाठवू शकेल?

२. बहिणीने किंवा आत्याने हक्क सोडला असेल, तर तिला त्या बदल्यात काय मिळाले? ते तिला न्याय्य वाटले का, हे कोणी विचारले का?

३. मुलामुलींची स्थळे पाहताना आपण घर वाढवतो आहोत की घर बंद करतो आहोत?

या प्रश्नांवर या आठवड्यात एक संध्याकाळ, रोझरीनंतर, दहा मिनिटे बसावे. उत्तर लगेच सापडेलच असे नाही. बेनावेन्तेचा करार एका बैठकीत झाला नव्हता. पण त्याची सुरुवात दोन बायका एका ठिकाणी बसण्याने झाली होती, आणि तेवढे आपल्याला नक्कीच जमण्यासारखे आहे.