बेकरीच्या एन्झाइमची पूड : वजन नव्हे, ताकद पाहा

पावाच्या मैद्यात घालण्याचे एन्झाइम (विकर) आपले अनेक बेकरीवाले बांधव वापरतात. एकाच नावाची पूड एकदा उत्तम काम करते, पुढच्या वेळी करत नाही, असे का होते, हे आज समजून घेऊ.

पावासाठीचे अमायलेज बहुधा अ‍ॅस्परजिलस ओरायझी नावाच्या बुरशीपासून मिळते. याच बुरशीच्या विकराचे पेटंट जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी 1894 साली अमेरिकेत मिळवले. विकर हे प्रथिन आहे. ओले राहिले तर नासते, जास्त तापले तर त्याची घडी मोडून ते निकामी होते. म्हणून कारखान्यात विकराचे गाळलेले पाणी स्प्रे ड्रायरमध्ये बारीक थेंबांनी फवारतात.

आत येणारी हवा सुमारे 150 ते 180 अंश सेल्सिअस असते. मग विकर मरत कसे नाही? माठातले पाणी जसे झिरपून गार राहते, तसे थेंबातले पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. थेंब काही सेकंदांत सुकतो. खरी कसोटी बाहेर पडणाऱ्या हवेची. ती फार तापली तर ताकद जाते, फार थंड राहिली तर पुडीत ओल उरते. फवारणीपूर्वी माल्टोडेक्स्ट्रिनसारखा पदार्थ मिसळतात. तो सुकताना प्रथिनाची घडी सांभाळतो.

म्हणजे किलोच्या पुडीत विकर थोडे आणि भर जास्त असते. म्हणून खरेदी करताना दर ग्रॅमला किती युनिट ताकद आहे, तयार केल्याची तारीख कोणती आणि भर कशाची आहे, हे लेखी मागा. बुरशी कशावर वाढवली आणि भर कोणती, हे कळल्याशिवाय हलालची खात्री होत नाही.

पूड भट्टीजवळ ठेवू नका. डबा घट्ट लावा, चमचा कोरडा वापरा. नवा माल आला की आधी थोड्या कणकेवर पाहा. जास्त पडले तर पावाचा गर चिकट होतो. तोलताना धूळ उडवू नका, नाकातोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. या धुळीने बेकरी कामगारांना दमा जडू शकतो.

पूड विकणाऱ्या बांधवांनाही एक अर्ज. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात कसूर करणाऱ्यांना कडक ताकीद आहे. वजन पुरे पण ताकद उतरलेली, असा माल नवा म्हणून देणे हीदेखील मापातली कसूरच, असे आम्ही समजतो.