वस्तीत खोली भाड्याने घेताय? आधी बेरीज करा

गोवंडी, मालवणी, भांडुप, धारावी. मुंबईत कुठल्याही वस्तीत खोली बघायला जा, एजंट दोनच आकडे सांगतो: भाडं आणि डिपॉझिट. बाकीचे तुम्ही विचारायचे.

पाणी: नळ खोलीत की गल्लीत? किती वाजता येतं, किती वेळ? शेजाऱ्याच्या नळावरून घ्यायचं तर महिन्याचे पैसे वेगळे, मोटरचे वेगळे. पाण्याच्या वेळेलाच खोली बघा.

वीज: स्वतंत्र मीटर की सबमीटर? सबमीटर असेल तर मालकाचं ताजं बिल मागा आणि युनिटचा दर करारात लिहून घ्या. राहायला जाताना रीडिंगचा फोटो काढा.

संडास: सार्वजनिक असेल तर कुटुंबाचा मासिक पास आहे का, ते विचारा. समजा एका वेळचे 3 रुपये. चार माणसं, दिवसातून दोनदा: महिन्याला 720.

दलाली: बहुधा एका महिन्याचं भाडं. 11 महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा मागतात. ते आधीच ठरवा.

करार: ‘नोटरी पुरते’ हे ऐकू नका. भाडेकराराची नोंदणी 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीची आहे आणि ती मालकाची जबाबदारी आहे. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. भाडं 7,000 आणि डिपॉझिट 50,000 असेल तर मुद्रांक दोन-तीनशे रुपयांत होतो. एजंट यावर कितीही सांगो, पावती मागा. मालकाचं आधार, खोलीचं वीजबिल आणि फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) बघा. तिन्हींवर नाव एकच हवं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन मोफत देता येते.

हेवी डिपॉझिट: भाडं नाही, फक्त दोन-चार लाख एकरकमी. इथेच माणसं अडकतात. एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना आली की घर आणि तात्पुरत्या निवाऱ्याचं भाडं पात्र झोपडीधारकाला मिळतं, भाडेकरूला नाही. म्हणून ‘परिशिष्ट-2 (पात्र झोपडीधारकांची यादी) निघालं का?’ हे शेजाऱ्यांना विचारा. निघालं असेल तर मोठी रक्कम गुंतवू नका. वरचा माळा तुमच्या नावावर करून देतो म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नका. माळ्याला सहसा पात्रता मिळत नाही.

डिपॉझिट बँकेतूनच द्या, मालकाच्याच खात्यात. एजंटच्या खात्यात गेलेले पैसे मालक कबूल करेलच असं नाही.