परका डीएनए ओळखायचा कसा?

प्रश्न : जंतूंचा आणि माणसाचा डीएनए त्याच चार अक्षरांनी लिहिलेला असतो, असे शाळेत शिकलो. मग आपल्या रोगप्रतिकारक पेशी जंतूंच्या डीएनएवर तुटून पडतात आणि स्वतःच्या डीएनएला सोडून देतात, हे कसे?

उत्तर : अक्षरे तीच, पण मांडणीत फरक आहे. ‘सी’च्या लगेच पुढे ‘जी’ ही जोडी जिवाणूंच्या डीएनएत भरपूर आढळते. माणसात मात्र ती अपेक्षेच्या जेमतेम एक पंचमांश उरली आहे आणि उरलेल्यांपैकीही ७० ते ८० टक्के जोड्यांतल्या ‘सी’ला मिथाइल गट चिकटलेला असतो. जिवाणूंकडे ही जोडी सहसा उघडीच असते. पेशी हेरतात ती हीच उघडी जोडी.

याचा पहिला धागा क्षयाच्या लसीतून हाती आला. १९८४ साली जपानमध्ये टोकुनागा आणि सहकाऱ्यांना बीसीजीच्या जंतूंपासून वेगळा काढलेला डीएनए कर्करोगाच्या गाठींविरुद्ध काम करताना दिसला. डीएनएकडे प्रतिकारशक्ती लक्षच देत नाही, असे तेव्हा सर्रास मानले जाई. उघड्या जोडीचे महत्त्व आर्थर क्रीग यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले आणि ती ओळखणारा ग्राहक, टीएलआर-९, २००० मध्ये ओसाकातील शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने शोधला.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती या ग्राहकाची जागा. माणसात तो मुख्यतः बी-पेशींत आणि एका खास प्रकारच्या डेंड्रायटिक पेशींत असतो, आणि तोही पेशीच्या पृष्ठभागावर नाही, आतल्या आम्लधर्मी थैलीत. पेशीने गिळलेला जिवाणू तिथे फुटतो आणि त्याचा डीएनए मोकळा होतो. विकरांनी कापल्याशिवाय हा ग्राहक कामालाही लागत नाही. एकदा का डीएनए त्याला जुळला, की डेंड्रायटिक पेशी इंटरफेरॉन सोडतात आणि बी-पेशी वाढून प्रतिपिंडे बनवू लागतात. आपल्या मेलेल्या पेशींचा डीएनए बहुधा बाहेर, रक्तातच विकरांकडून तोडला जातो. थैलीपर्यंत तो फारसा पोचत नाही.

लस बनवणाऱ्यांनी हाच इशारा उचलला. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना मार्च २०२२ पासून देशभर दिलेल्या कॉर्बेव्हॅक्स या कोविडच्या लसीत प्रयोगशाळेत बनवलेला, अवघ्या २२ अक्षरांचा असाच एक तुकडा होता. हेपॅटायटिस-बीच्या एका लसीत तोच वापरल्याने मोठ्यांना सहा महिन्यांत तीनऐवजी महिन्याभरात दोन डोस पुरतात.

पण ‘स्वतःच्या डीएनएला सोडून देतात’ हे तुमचे म्हणणे नेहमीच खरे ठरत नाही. ल्युपस या आजारात स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यांना चिकटून तो डीएनए थैलीत शिरतो, आणि मिथाइलची खूण असूनही ग्राहक चेततो. त्या रुग्णांना दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन थैलीतली आम्लता घटवते, त्यामुळे टीएलआर-९चे काम मंदावते.