दिव्याच्या विजेलाही काटा हवा

कापसाची गाडी काट्यावर चढल्याशिवाय यवतमाळ जिल्ह्यात सौदा पुरा होत नाही. वजनाची चिठ्ठी हाती पडल्यावरच शेतकऱ्याचे समाधान होते. याच जिल्ह्यात आता सूर्यप्रकाशापासून मिळणारी वीज शेतशिवारात व गावरस्त्यांवर दिसू लागली आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या पथदर्शी प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबरच यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या गावाची निवड झाली होती. सौर पंप, पथदिवे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील छोटे दिवे ही सारी याच शक्तीची रूपे होत. मात्र या विजेचे मोजमाप करून घेण्याची सवय अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

परिणामी, उन्हाळ्यात लख्ख जळणारा दिवा आषाढ-श्रावणाच्या झडीत अर्ध्या रात्री मालवतो. झरी-जामणी किंवा केळापूर तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर त्याच दिव्याखाली विद्यार्थी अभ्यास करीत असेल, तर ही केवळ तांत्रिक अडचण राहत नाही. दोष सौर पट्टीचा, बॅटरीचा की दिव्याचा, हे मोजल्यावाचून कळत नाही. आणि न कळल्यामुळे चांगली वस्तू फेकून नवी घेण्याचा खर्च पदरी पडतो.

शक्ती म्हणजे काय?

सौर पट्टी व बॅटरी यांतून मिळणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. त्यास दिष्ट प्रवाह, म्हणजेच बोलीत डी. सी., असे म्हणतात. त्याची शक्ती काढण्याचा नियम सोपा आहे : व्होल्टमध्ये मोजलेला दाब गुणिले अँपिअरमध्ये मोजलेला प्रवाह म्हणजे वॅट. पंपाच्या अश्वशक्तीलाही हेच माप लागू पडते. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. शक्तीला तासांनी गुणले की वॅट-तास मिळतात. वॅट हा खर्चाचा वेग, तर वॅट-तास हा झालेला एकूण खर्च. असे १,००० वॅट-तास म्हणजे वीजबिलावरील १ युनिट.

मोजावे कसे?

या कामासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. व्होल्ट मोजताना मीटरच्या दोन्ही तारा दिव्याच्या दोन टोकांना समांतर लावाव्यात. प्रवाह मोजताना मात्र जोडणी एके ठिकाणी तोडून मीटर मध्येच, एकसर, बसवावा लागतो. कारण दिव्याकडे जाणारा सारा प्रवाह मीटरमधून वाहिला पाहिजे.

येथेच सर्वांत मोठी चूक संभवते. प्रवाह मोजून झाल्यावर लाल तार १० अँपिअरच्या छिद्रातच राहते आणि त्याच स्थितीत तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या जातात. मीटरचा रोध त्या वेळी जवळजवळ शून्य असतो. लहान बॅटरीसुद्धा अशा वेळी क्षणात मोठा प्रवाह सोडते. फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसल्यास तार तापून भाजण्याचा धोका असतो. म्हणून प्रवाहाची नोंद होताच तार व्होल्टच्या छिद्रात परत आणावी, हा नियम शिक्षकांनी पहिल्याच दिवशी घालून द्यावा.

जोडणी वारंवार तोडावयाची नसल्यास ०.१ ओहमचा रोधक कायमचा एकसर बसवावा. त्याच्या टोकांवरील दाब मोजून ओहमच्या नियमाने प्रवाह काढता येतो. ४२ मिलिव्होल्ट आढळल्यास प्रवाह ०.४२ अँपिअर होय. आय. एन. ए. २१९ ही चिप याच तत्त्वावर चालते. असा रोधक असताना ती २६ व्होल्ट व ३.२ अँपिअरपर्यंत मोजते आणि आकडे थेट लहान संगणकाकडे पाठविते. शाळांसाठी २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबसारख्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हा प्रयोग सहज करता येईल.

पट्टीविषयी एक गैरसमज

कित्येकदा काहीही न जोडता पट्टीचे व्होल्ट मोजतात, मग दोन्ही टोके जुळवून प्रवाह मोजतात, आणि दोहोंचा गुणाकार करतात. २१ व्होल्ट व ०.६ अँपिअर यांचा गुणाकार १२.६ वॅट येतो, आणि १० वॅटची पट्टी १२ वॅट देते असा आनंद होतो. वस्तुतः पहिल्या स्थितीत प्रवाह शून्य असतो, तर दुसऱ्या स्थितीत दाब शून्य असतो. दोन्ही वेळा मिळणारी शक्ती शून्यच. खरी शक्ती बॅटरी किंवा दिवा जोडलेला असताना, दोन्ही आकडे एकाच वेळी घेऊनच कळते.

झडीचा हिशेब

उदाहरणादाखल १० वॅटची पट्टी, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी व एक एल.ई.डी. दिवा घेऊ. दिव्यापाशी १२.४ व्होल्ट व ०.४२ अँपिअर भरले, तर शक्ती सुमारे ५.२ वॅट झाली. रोज ४ तास दिवा लावल्यास खर्च २०.८ वॅट-तास.

भर उन्हात बॅटरीकडे १२.८ व्होल्टवर ०.५ अँपिअर जातात, म्हणजे ६.४ वॅट. साध्या नियंत्रकात बॅटरी पट्टीचा दाब आपल्या पातळीवर खेचून घेते व उन्हाने पट्टी तापते. म्हणून १० वॅट पुरे मिळत नाहीत. साडेचार तासांच्या भर उन्हाइतका प्रकाश धरल्यास २८.८ वॅट-तास येतात आणि साठवणुकीतील पाचव्या हिश्श्याची घट वजा जाता सुमारे २३ उरतात. जमा खर्चाहून अधिक. दिवा सुखाने चालतो.

झडीच्या दिवशी मात्र बॅटरीकडे १ वॅटच गेला, तर १० तासांत १० आणि घट जाता ८ वॅट-तासच जमा होतात. रोजची तूट १२.८. बॅटरीत ८४ वॅट-तास असले तरी तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मेच, म्हणजे ४२, वापरणे हिताचे. या हिशेबाने तीन रात्री निभावतात. चौथ्या रात्री दिवा सव्वादोन तासांतच मालवतो. येथे दोष कोणाचाच नाही. पट्टी लहान पडली एवढेच. अशा वेळी रोजचा वापर दीड तासावर आणावा, अथवा मोठी पट्टी बसवावी. बॅटरी बदलून काहीच साधत नाही.

गावाने काय करावे?

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१४ साली हाती घेतलेल्या उपक्रमात महाराष्ट्रासह चार राज्यांतील विद्यार्थ्यांना १० लाख सौर अभ्यास-दिवे देण्यात आले. त्या दिव्यांची जुळणी व दुरुस्ती ग्रामीण भागातील प्रशिक्षित माणसांनीच केली. गावातील हात हे काम करू शकतात, हे त्यावरून सिद्ध झाले आहे.

ग्रामपंचायतीने पथदिवे ताब्यात घेताना तीन नोंदी कराव्यात : भर दुपारी पट्टीकडून बॅटरीकडे जाणारे वॅट, दिवा लागल्यावर तो घेत असलेले वॅट, आणि भारित होऊन काही तास स्वस्थ राहिलेल्या बॅटरीचे व्होल्ट. शिसे-आम्ल बॅटरी भरलेली असता सुमारे १२.७, निम्मी असता १२.२ व्होल्ट दाखविते. हीच मापे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पुन्हा घेऊन तारखेसह नोंदवहीत लिहावीत. शाळेच्या विज्ञान मंडळाकडे हे काम सोपविल्यास विद्यार्थ्यांचा अभ्यासही होईल आणि गावाचे कामही.

दोन वर्षांच्या नोंदी समोर असल्या की कोणता भाग थकला हे आकडेच सांगतात. हमीच्या मुदतीत पुरवठादाराकडे तक्रार करावयाची झाल्यास तिलाही आधार मिळतो. कापसाच्या काट्यावर जी नजर असते, तीच विजेच्या मापावर राहिली, तर पोडावरचा दिवा झडीच्या रात्रीही अभ्यास संपेपर्यंत तेवत राहील.