फूटपट्टीने शिकवावयाचा समुद्राचा पाठ

पालेगावाहून समुद्र दिसत नाही. म्हणून येथील शाळेत समुद्रजीवनाचा पाठ बहुधा पुस्तकातच राहतो. वास्तविक या परिसराचे पाणी अखेर उल्हास नदीवाटे खाडीस व समुद्रास मिळते. वालधुनी तर अंबरनाथ-उल्हासनगरातील कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी घेऊनच कल्याणजवळ उल्हासला भेटते. तिसऱ्या, कालवे हे जीव पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्न खातात. त्यामुळे पाण्यातील विषही त्यांच्या अंगी साचते. शिक्षकांनी ही वाट मुलांकडून नकाशावर बोटाने काढून घ्यावी.

पुढील भाग मापनाचा. अंडी घालण्यापूर्वीच मासा धरला तर पुढची पिढी जन्मासच येत नाही. याकरिता महाराष्ट्र शासनाने २०२३ साली अनेक जातींची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर व बोंबील १८० मिलिमीटरहून लहान धरू नये, असा नियम झाला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा घोषित झाला; सातपाटीच्या मच्छीमारांनी त्यासाठी आग्रह धरला होता. मुलांनी या मापाचे कागदी मासे कापावेत व घरी आलेला मासा त्यांवर ठेवून पाहावा. बाजारात कोळीणमावशींना मात्र जाब विचारू नये; जाळे त्यांनी टाकलेले नसते.

नियम पाळणारे हात कोणाचे, हे केरळातील अष्टमुडी सरोवराच्या उदाहरणाने सांगता येईल. तेथे तिसऱ्यांच्या कुळातील शिंपले काढण्याचा धंदा १९८० नंतर वाढला. १९९१ च्या सुमारास वर्षाचे उत्पन्न दहा हजार टनांवर गेले आणि दोनच वर्षांत निम्म्यावर आले. पाण्यात बुडी मारून शिंपले काढणाऱ्यांची चूल त्यावरच पेटत होती. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या सल्ल्याने निर्बंध ठरले व त्या लोकांनी ते पाळले: डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात काम बंद, आणि जाळ्याचे भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. लहान शिंपला त्यातून निसटून पुन्हा तळाशी जातो. शिंपले सावरले. २०१४ साली, टिकाऊ मासेमारीचे जागतिक प्रमाणपत्र मिळविणारी ही भारतातील पहिली मासेमारी ठरली.

येथे थांबून वर्गाला एक प्रश्न घालावा. तीन महिने कमाई बंद असता त्या घरांनी काय केले असेल? उत्तर शिक्षकांनी सांगू नये. शेतीतील मुले बियाण्याचे धान्य न खाता राखून ठेवण्याची गोष्ट आपणहून काढतील. न काढल्यास पुढील तासाला प्रश्न पुन्हा विचारावा.